आवाज कवा येतोय?

सकाळी गाडी सुरू झाली नाही की आजूबाजूचे सगळे एकमतानं बॅटरीकडे बोट दाखवतात. वॉचमन, शेजारचे काका, दूध टाकायला आलेला मुलगा, प्रत्येकाचं निदान एकच: "बॅटरी गेली." त्यांचं अगदीच चुकतं असं नाही, बॅटरी खरोखर उतरलेली असते. ती का उतरली हे मात्र कुणी विचारत नाही, कारण त्या आधीच उत्तर हजर असतं आणि ते दुकानात पाच-सहा हजारांना मिळतं. जुनी द्या, नवी घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. गाडी लगेच सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं, बघा, बॅटरीच होती. भरलेली टाकी गच्चीवर नेऊन ठेवली तर खालची मोटर जळालेली असतानाही नळाला दोन दिवस पाणी येणारच की!

आमची गाडी जुनी, डिझेलवरची, पंधरा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिनं एक चमत्कारिक खोड धरली. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात कितीही फिरवा, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. पण आंबा घाट उतरून रत्नागिरीला माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवावी तर नुसतं टकटकटकटक. खरं तर हे उलटं व्हायला हवं. लांबच्या प्रवासात बॅटरी पोटभर चार्ज होते, गावातल्या गावात मंडई-शाळा-बँक असं पाच-पाच मिनिटं चालवून ती उपाशी राहते, हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आमची लांब गेली की मरत होती. दादा म्हणाला, "दमट हवा गो, बॅटरी बसणारच." त्याची गाडी त्याच अंगणात, त्याच दमट हवेत बाराही महिने उभी असते आणि रोज सुरू होते. पण दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज घेऊन गाडी सुरू करायची जंपर केबल त्याच्या हातात होती, म्हणून मी काही बोलले नाही.

(जंपर लावायचा क्रम एकदा सांगून टाकते, कारण तो नेहमी उलटा लावलेला दिसतो. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक सगळ्यात शेवटी, तेही बॅटरीला न लावता बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दोन्ही एका जागी नकोत.)

कोल्हापूरला परतल्यावर सवडीनं घराजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात गेले. "गाडी साहेब वापरतात का?" हा पहिला प्रश्न झाला. मग तिथल्या मुलानं इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. १४.१ व्होल्ट. "मॅडम, चार्जिंग ओके आहे. बॅटरीच गेलीय." बॅटरी चार वर्षांची होती. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं म्हणजे तिचं आयुष्य झालंच, त्यामुळे त्याच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या झिजवणाऱ्या क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात असा ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच नागपूर-चंद्रपूरकडच्या बॅटऱ्या महाबळेश्वरच्या बॅटऱ्यांपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. गंमत अशी की उन्हाळ्यात झालेली इजा उघडी पडते ती डिसेंबरातल्या गार सकाळी, तेव्हा इंजिनातलं तेल दाट झालेलं असतं आणि सेल्फला जास्त जोर लागतो. लोक मग थंडीला दोष देतात.

नवी बॅटरी बसली. पुन्हा रत्नागिरी, पुन्हा टकटकटकटक.

आता त्या १४.१ विषयी. बॅटरीचा व्होल्ट मोजला म्हणजे बॅटरी तपासली असं समजतात, पण तो आकडा कधी घेतला हे कळल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये बनवली, आणि आत आजही तोच खेळ आहे: सहा कप्पे, प्रत्येकाचा सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून रात्रभर निवांत उभ्या राहिलेल्या गाडीत, कुठलाही दिवा न लावता, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ म्हणजे संपली. नुसते बारा वाचून "बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय, मग झालं काय?" असं म्हणणारे मी पाहिलेत, बाराला ती पावसुद्धा भरलेली नसते. आणि गाडी नुकतीच बंद केली असेल तर वरवरचा चार्ज मीटरला फसवतो, मेलेली बॅटरीही तेरा दाखवते. थोडा वेळ हेडलाईट लावून विझवावेत, मग मोजावं.

दुसरा आकडा सेल्फ फिरत असतानाचा. किल्ली फिरवली की बॅटरीवर शेकडो अँपियरचा भार पडतो, डिझेल गाडीत तर जास्तच. त्या काही क्षणांत व्होल्ट ९.६ च्या खाली घसरले तर बॅटरीत दम नाही, किंवा ती भरलेलीच नाही. तिसरा इंजिन चालू असतानाचा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र, बॅटरी भरतोय. पंधराच्या वर गेला तर त्याचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी आतून उकळतेय, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब वरचेवर उडतात. पण हा तिसरा आकडासुद्धा इंजिन थंड असताना एक असू शकतो, तापल्यावर दुसरा. दिवे बंद असताना एक, सगळं लावल्यावर दुसरा. दुकानातल्या मुलानं घरापासून पाच मिनिटांवर आलेल्या, धड कोमटही न झालेल्या गाडीचा आकडा घेतला होता. तो आकडा खोटा नव्हता. भलत्या वेळचा होता.

शिवाजी उद्यमनगरात फक्त सेल्फ आणि डायनामोचं काम करणारे एक मेस्त्री आहेत. त्या भागात फाउंड्र्या, लेथची वर्कशॉपं आणि गॅरेजं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यातल्याच एका गाळ्यात. भिंतीला खिळ्यांवर जुनी आर्मेचरं टांगलेली, खाली तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि हाताशी मीटरच्या आधीपासूनचं एक हत्यार: होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, म्हणजे टेस्ट लॅम्प. अल्टरनेटरला ते डायनामोच म्हणतात, सगळेच म्हणतात. खरा डायनामो जुन्या अँबॅसिडर-फियाटमध्ये असायचा. त्याच्या बिचाऱ्याच्या हातून इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना काही होत नसे, सिग्नलला गाडी थांबली की हेडलाईट पिवळे पडत. विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर गाड्यांत आला, अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० मध्ये तो व्हॅलियंटमध्ये दिला, आणि पुढे सगळ्या जगानं तो घेतला. आयडललाही भरणारा, हलका, कमी झिजणारा. नाव मात्र आपल्याकडच्या गॅरेजांनी बदललं नाही.

मी मेस्त्रींना बॅटरीचं रामायण सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, की घाट चढताना हल्ली एक आवाजही येतो, तोही बघा. माझ्या हिशेबात ती दोन वेगळी कामं होती. ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "ताई, आवाज कुठनं येतोय ते मी बघतो. कवा येतोय ते तुम्ही सांगा."

मग उलटतपासणी. गाडी गार असताना येतो का तापल्यावर? ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो का? उभ्या गाडीत येतो का पळताना? क्लच दाबल्यावर थांबतो का? दिवे लावल्यावर बदलतो का? पावसात जास्त का? रेडिओत येतो का?

हे प्रश्न ऐकताना माझ्या लक्षात आलं की बॉनेट न उघडताच हा माणूस अर्धी गाडी निर्दोष सोडतोय. उभ्या गाडीत रेस केल्यावर आवाज वाढत असेल तर चाकाची बेअरिंगं, टायर, ब्रेक हे सगळे सुटले. इंजिन मंद असो वा जोरात, पण आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल तर इंजिन सुटलं. क्लच दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगची, आणि क्लच दाबल्यावरच सुरू होणारी रिलीज बेअरिंगची. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर वरच्या बाजूला टिकटिक येते आणि तेल चढल्यावर विरते ती बहुधा टॅपेटची, तिच्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. तशीच टिकटिक एक्झॉस्टच्या गळक्या जोडाचीही असते, लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज बंद. पण खालून, आतून, भार पडला की येणारी जड ठोक, आणि तेलाचा लाल दिवा? तिथंच गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. "गॅरेजपर्यंत नेतो हळूहळू" म्हणत चालवलेल्या दोन किलोमीटरांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं आणि क्रँक दोन्ही जातात.

सगळ्यात जास्त बदनाम आवाज फॅन बेल्टचा. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच जी किंचाळी सबंध सोसायटीला उठवते ती. ती सकाळीच का येते? सेल्फनं बॅटरीतून एवढं काही ओढून घेतलेलं असतं की इंजिन सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर ते भरून काढायला लागतो. तेवढा वेळ त्याची पुली फिरवायला जड जाते, त्यात बेल्ट ओला किंवा सैल असला की घसरतो आणि किंचाळतो. बॅटरी जरा भरली, भार उतरला, की गप्प. म्हणजे आवाज बेल्टचा, पण त्याचं वेळापत्रक विजेचं. यावर मेस्त्रींची एक युक्ती आहे: चालू इंजिनच्या बेल्टच्या दात्यांवर थोडं पाणी शिंपडायचं. चिवचिव क्षणभर थांबून पुन्हा आली तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्टचे दाते झिजलेत. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, ताण द्या. पानाच्या टपरीवर मिळणाऱ्या सल्ल्याप्रमाणे बेल्टला साबण किंवा पावडर लावणाऱ्यांबद्दल ते काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

माझ्या आवाजाची उत्तरं अशी होती: तापल्यावरच येतो. रेसबरोबर वाढतो. उभ्या गाडीतही येतो. दिवे आणि ब्लोअर लावले की जाड होतो. आणि हो, रेडिओत येतो, गाण्याच्या मागे एक बारीक कुईं, जी ॲक्सिलरेटरबरोबर वर चढते.

"आज न्हाई बघत," मेस्त्री म्हणाले. "पन्हाळ्याला जाऊन या. दिवे लावून, ब्लोअर लावून. येताना कुठं थांबू नका, गरमगरम आणा."

गाडी आजारी असताना मुद्दाम फिरायला पाठवणारा मेकॅनिक मला पहिल्यांदाच भेटला. गेले. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटर, शेवटचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा, धुकं आणि पाऊस, त्यामुळे दिवे तसेही लागलेच असते. परतताना त्या घूंऽऽ आवाजाला चांगला कंठ फुटला होता.

गाळ्यासमोर गाडी आली तशी त्यांनी इंजिन बंद करू दिलं नाही. मला ओढणी खोचायला लावली, बॉनेट उघडलं आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पाठीवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग मलाही ऐकवलं. लोखंडातून सरळ कवटीत येणारा तो आवाज बाहेरून ऐकू येणाऱ्यापेक्षा निराळा असतो. आजूबाजूचं सगळं गळून पडतं आणि एकाच जागेचं बोलणं ऐकू येतं. वॉटर पंपावर टेकवलं तर गुळगुळीत सळसळ. अल्टरनेटरच्या पाठीवर दोन आवाज होते, एक कोरडी खरखर, म्हणजे मागचं बेअरिंग, आणि तिच्यावर पसरलेली ती घूंऽऽ. खरखरीचा बॅटरीशी संबंध नव्हता. घूंऽऽचा होता.

मीटर लावला. दुकानात १४.१ दाखवणारी गाडी आता आयडलला १२.८ दाखवत होती. मग त्यांनी मीटरची चकती एसीवर फिरवली. बॅटरीवर एसी मोजायचं हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, कारण बॅटरी म्हणजे डीसी, एकाच दिशेनं वाहणारी वीज, आणि एसी सतत दिशा बदलते. पण अल्टरनेटरच्या आत वीज तयार होते ती एसीच, तीन गुंडाळ्यांमध्ये. सहा डायोड तिला एकाच दिशेला वळवतात आणि बाहेर डीसी देतात. सगळे डायोड धड असले तर बॅटरीवर एसीचा मागमूस फार थोडा उरतो, अर्धा व्होल्ट झाला तरी संशय घ्यावा. आमच्या गाडीत जवळजवळ एक होता. एक डायोड मेला की वळवण्याचं काम अर्धवट राहतं, भरणं कमी होतं, तीन गुंडाळ्यांचा तोल जातो आणि अल्टरनेटर कण्हायला लागतो. रेडिओतली कुईं म्हणजे हीच न वळलेली लाट.

एवढ्यावर "डायनामो बदला" म्हणता आलं असतं. पण रात्रीत बॅटरी का उतरते हे अजून बाकी होतं. त्यांनी मला इंजिन बंद करायला सांगितलं, किल्ली काढून माझ्याच हातात ठेवायला सांगितली. मग स्क्रूड्रायव्हर पुन्हा अल्टरनेटरच्या पाठीमागे, बेअरिंगच्या जागेजवळ नेला आणि बोटं सैल सोडली. टोक खट्‌कन जाऊन चिकटलं. हलवलं तर सोडेना. बंद गाडीतला, किल्ली बाहेर असलेला अल्टरनेटर चुंबक झाला होता. "आता आत बघा," म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर दोन्ही पंजांचा आडोसा केला. बॅटरीचा लाल दिवा अगदी फिकट, असून नसल्यासारखा, पण लागलेला होता.

याचं कारण त्यांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. डायोडचं दुसरं, आणि माझ्या मते मोठं, काम म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमध्ये शिरू न देणं. आमच्या जुन्या बनावटीच्या अल्टरनेटरमध्ये सहा मोठ्या डायोडांशिवाय तीन लहान डायोड असतात. गुंडाळ्यांतली थोडी वीज ते आत फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला पुरवतात, त्या विजेवरच रोटर चुंबक होतो आणि पुढची वीज तयार होते. प्लसकडचा एक मोठा डायोड गळायला लागला की बॅटरीची वीज त्यातून गुंडाळीत येते, तिथून लहान डायोडातून रोटरमध्ये, आणि रेग्युलेटरमधून अर्थला. दाराला कडी आहे, पण ती लागतच नाही. रोटर तीन-साडेतीन अँपियर सहज घेतो. बारा तासांत चाळीसेक अँपियर-तास झाले, आणि आमची बॅटरी साठची. धडधाकट गाडी बंद असताना घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरे मिळून पन्नास मिलिअँपियरच्या आत राहते, म्हणजे त्याच बारा तासांत अर्धा-पाऊण अँपियर-तास. लाल दिव्याचंही तसंच. त्याचं एक टोक किल्लीकडे, दुसरं अल्टरनेटरकडे. चालू गाडीत दोन्हीकडे सारखे व्होल्ट येतात म्हणून तो विझतो. किल्ली बंद केल्यावर अल्टरनेटरकडचं टोक जिवंत राहिलं तर तो उलट्या बाजूनं लागतो.

आणि हे सगळं फक्त लांबच्या प्रवासानंतर का? मेस्त्रींनी चार लांब बोल्ट काढून अल्टरनेटर खोलला (आधी दोन्ही अर्ध्या भागांवर मिळून छिन्नीची एक खूण, जोडताना फिरायला नको म्हणून), डायोडची प्लेट गुंडाळीच्या तारांपासून मोकळी केली आणि मीटरनं एकेक डायोड तपासला. एका दिशेनं अर्ध्या व्होल्टच्या वर थोडं, उलट दिशेनं काही नाही. सहाही डायोड पास. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. ते हसले, तापलेली सोल्डरिंग इस्त्री घेतली आणि तिचं टोक एकेका डायोडच्या पाठीवर धरून उलट दिशेचा आकडा बघत राहिले. पहिले दोन ढिम्म. तिसऱ्याचा आकडा हळूहळू खाली यायला लागला, जसजसा डायोड तापेल तसतसा, आणि शेवटी मीटरनं कुंईऽऽ अशी शिटी दिली, म्हणजे आरपार. इस्त्री बाजूला केली. दोन-तीन मिनिटांत तोच डायोड पुन्हा शहाणा.

हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. मंडईपर्यंतच्या फेरीत तो तापतच नव्हता. आंबा घाटात दिवे, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असा सगळा संसार त्याच्यावर चालायचा, तो तापून गळायला लागायचा, आणि एकदा गळायला लागला की रोटरमधून वाहणारी वीजच अल्टरनेटरला रात्रभर कोमट ठेवायची. दादाच्या अंगणात पहाटे कुणी त्याला हात लावून पाहिला असता तर कळलं असतं.

असा माणूस भेटणं हा नशिबाचा भाग आहे, कारण याच कामाची एक सोपी आणि वाईट पद्धत गावोगाव चालते. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला, बंद पडलं तर खराब. डायनामोच्या जमान्यात ते खपून जात असेल. अल्टरनेटरवर भार असताना अचानक बॅटरी काढली की त्याचा व्होल्ट कित्येक पटींनी उसळी घेतो, आणि आजच्या गाडीत त्या उसळीच्या वाटेत इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मॉड्यूल, मीटर असं महागडं सामान बसलेलं असतं. कुणी दहा-अकराचा पाना घेऊन चालू गाडीच्या टर्मिनलकडे निघाला तर त्याचा हात धरावा, मग तो वयानं कितीही मोठा असो.

तसंच माझे हे आकडेही नव्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरनं किती भरायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो मुद्दाम भरणं कमी करतो आणि ब्रेक मारताना वाढवतो, त्यामुळे चालू गाडीत १२.९ दिसले म्हणजे बिघाड असं नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर अल्टरनेटरच नसतो. तरी बारा व्होल्टची लहान बॅटरी तिथंही असते, मोठ्या बॅटरीवरून ती भरली जाते, आणि ती बसली की लाखांची गाडी दार उघडायलाही नकार देते. तिथं मेस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर चालणार नाही, त्यांचे प्रश्न चालतील.

बाकी काम पटकन झालं. डायोडची प्लेट नवी, मागचं बेअरिंग नवं, आणि कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते म्हणून तेही बदलले. बिल नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. टर्मिनलवरचं हिरवट-पांढरं बुरशीसारखं फूल त्यांनी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, क्लॅम्प आतून कानसला, वरून व्हॅसलिन लावलं. त्याआधी मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांगितला होता. एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्तूंच्या मध्ये मीटरनं पाऊण व्होल्ट दाखवला होता. धुतल्यावर जवळजवळ शून्य. पुष्कळांच्या "गेलेल्या" बॅटऱ्या एवढ्यानंच परत येत असतील.

बॅटरी मात्र त्यांनी एक रात्र ठेवून घेतली, चार-पाच अँपियरवर सावकाश भरायला. नवी असली तरी ती वारंवार तळापर्यंत गेली होती, आणि गाडीची बॅटरी तशी रिकामी होण्यासाठी बनवलेलीच नसते. रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. सकाळी १२.५ वर थांबली. "नवी हाय, पर थोडं वय खाल्लं तिनं," ते म्हणाले. दुकानात वॉरंटीचा विषय मी काढला नाही, कारण बॅटरीचा दोष नव्हता आणि दुकानाचा किती होता हे मला ठरवता आलं नाही.

गणपतीत रत्नागिरीला गेले तेव्हा दादा सकाळी सकाळी जंपर केबल घेऊनच अंगणात आला होता. गाडी सुरू झाली. त्याचं म्हणणं, पाऊस कमी झालाय ना, म्हणून.

आता एक खडखड उरलीय. डावीकडून, पुढून, स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना. ब्रेक दाबून धरला तर येत नाही, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कमी असते. मेस्त्रींना एवढं सगळं सांगितलं तर म्हणाले, "हे माझं खातं न्हाई, ताई. पलीकडच्या गल्लीत सस्पेन्शनवाला हाय. त्याला असंच सांगा, आन् ब्रेक पॅडची क्लिप आधी बघ म्हणावं."